देवी येऊन गेलेलं अंग

नाटे गावाच्या खालच्या वाडीत कुणाच्या घरी देवी आल्या की पहिलं बोलावणं राहीला जाई. वैद्याला नाही, गुरवालाही नाही. बोलवायला आलेला माणूस अंगणाबाहेर माडाच्या बुंध्याशी उभा राहून हाक मारी, "राहीकाकी, आमच्याकडं आल्या गो," आणि उत्तराची वाट न बघता मागं वळे. उत्तर ठरलेलंच असे. राही चुलीवर पाणी ओते, दोन जुनी लुगडी गाठोड्यात बांधी आणि दाराला कडी लावून चालू लागे.

सहा वर्षांची असताना तिला स्वतःला देवी आल्या होत्या. एका घरात चौघं पडली, आई, दोघे भाऊ आणि ही. उठली ती ही एकटी. चेहरा जांभ्या दगडासारखा खडबडीत झाला, डाव्या डोळ्यात फूल पडलं. पुढं लग्न झालं ते बिजवराशी. विठू मनानं भला होता, पण लग्नानंतर पाचव्या वर्षी त्याचं गलबत परतलं नाही. पोरबाळ झालेलं नव्हतं. त्याच साली शेजारच्या घरात देवी आल्या, माणसं घर सोडून पळाली, आणि मागं राहिलेल्या म्हातारीला पाणी पाजायला राही आत गेली. वीस दिवस ती तिथं राहिली आणि तिला काही म्हणजे काही झालं नाही.

तेव्हापासून गावानं गोष्ट पक्की धरली. राहीला होत नाही. भरतीनंतर ओहोटी येते, तसं ते ठरून गेलं. कोणी म्हणे तिच्यावर देवीचा हात आहे, कोणी म्हणे देवीनं तिचं घ्यायचं ते घेऊन टाकलंय. का होत नाही, हे कुणी विचारलं नाही आणि राहीनंही नाही. लग्नाकार्याला तिला कोणी बोलावत नसे, बारशाला तर नाहीच. देवी आल्या की मात्र तिच्यावाचून पान हलत नसे.

एकोणीसशे एकतीस साल उजाडलं तेव्हा राही बेचाळीस वर्षांची होती आणि थकली होती. हा थकवा झोपून जाणारा नव्हता. पंचवीस वर्षं ती परक्या घरांत बसल्या बसल्या डुलक्या घेत आली होती. पिकलेल्या फोडांचा वास तिच्या केसांत बसला होता. शिकेकाईनं धुतले तरी दोन दिवसांनी तो परत येई, की तिला एकटीलाच येई, तेही तिला आता कळेनासं झालं होतं. बांगडे सुकत घालायला वाकली की कंबर धरे आणि मग तशीच वाकून ती किती वेळ वाळूकडं बघत राही.

त्या वर्षी शिमगा झाला, मुंबईचे चाकरमानी आले तसे गेले, आणि पंधरा दिवसांनी धोंडूच्या घरी त्याची पाच वर्षांची कमळा तापानं फणफणली. तिसऱ्या दिवशी कपाळावर पुरळ दिसलं. धोंडूनं माडाशी येऊन हाक मारली.

राहीनं पोरीला केळीच्या पानावर निजवलं, कारण कापड अंगाला चिकटतं. कडुनिंबाच्या डहाळीनं वारा घातला. शहाळ्याचं पाणी चमच्यानं पाजलं. घरात फोडणी बंद, मासळी बंद. आईबाप पडवीत. सहाव्या दिवशी दुपारी कमळाला थोडी हुशारी वाटली. सुजलेल्या पापण्यांच्या फटीतून तिनं राहीकडं बघितलं.

"काकी, तुला दुखतंय?"

"नाय गो."

"तुझ्या तोंडावर पण हायत."

"त्या जुन्या. कधीच्या सुकल्या."

"मग तुला परत का होत नाय?"

राही वारा घालायची थांबली. "तू झोप बाय," एवढंच ती म्हणाली.

अकराव्या दिवशी कमळा गेली. देवीनं नेलेल्या पोराला जाळत नाहीत, पुरतात. पण उचलणार कोण? धोंडू भिंतीला टेकून बसला होता, त्याला उठता येत नव्हतं, आणि बाकीचे पुरुष आंब्याच्या पलीकडं उभे. राही स्वतःच वाकली, तेवढ्यात बाबल्या तांडेल पुढं आला. साठीला टेकलेला, गावातला सगळ्यात मोठा नाखवा, ज्याच्या शब्दाशिवाय होडी पाण्यात जात नसे असा माणूस. "बाजूला हो राही," तो म्हणाला, "देवीची पोर हाय, तिला कसलं भ्यायचं?" लुगड्यात गुंडाळलेली पोर छातीशी धरून तो एकटा माळावर चालत गेला. खड्डाही त्यानंच खणला.

त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी खाडी ओलांडणाऱ्या जैतापूरच्या तरीतून सदाशिव शेट्ये उतरले. राजापुराहून आलेले हे देवी काढणारे. गाव त्यांना डाक्टर म्हणे आणि ते दर वेळी सांगत, "अरे मी डाक्टर नव्हे, टोचणारा." वीस वर्षं तालुका पायी तुडवून त्यांचे घोटे कायमचे सुजले होते. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला डबा होता. त्यात काचेच्या बारीक नळ्या, आणि नळ्यांत बेळगावहून आलेली लस.

चव्हाट्यावर माणसं जमली. शेट्ये बोलू लागले, पण बाबल्यानं हात वर केला.

"डाक्टर, तुम्ही येता, आम्ही मान ठेवतो. पण घरात देवी असताना अंगाला लोखंड लावायचं? कोप कोणावर होईल? दुसऱ्या वाडीत अजून दोन घरांत पोरं पडलीत."

"म्हणूनच आलोय. बाकीची पडू नयेत म्हणून."

"पडली तर बघायला राही हाय ना," बाबल्या म्हणाला. माना हलल्या.

राही तेव्हा धोंडूकडची पानं आणि चिंध्या जाळून, खाडीवर हातपाय धुऊन परत येत होती. ते वाक्य तिनं ऐकलं. आजवर हजारदा ऐकलेलं वाक्य. पण त्या सकाळी ते एखाद्या ओल्या पोत्यासारखं तिच्या पाठीवर पडलं.

शेट्यांनी बाबल्याला बाजूला घेतलं. त्या मुलीला कोणी उचललं हे त्यांना उतरतानाच कळलं होतं. "बाबल्याभाऊ, इतरांचं राहू द्या. तुम्ही काल तिला छातीशी धरलंत. आज टोचून घेतलंत तर अजून वेळ आहे. रोग अंगात मुरायला बारा दिवस लागतात. लस त्याच्याआधी पोचते. आणखी दोन दिवसांनी मात्र मी काही करू शकणार नाही."

"दर्यावर चाळीस वर्षं काढली डाक्टर. मला काय होतंय?" बाबल्या हसला आणि निघून गेला. त्याच्यामागोमाग गर्दीही पांगली.

शेट्ये पारावर बसून घोटे चोळत राहिले. राही थोड्या अंतरावर थांबली.

"काय गं राही? तूही नको म्हणायला आलीस?"

"विचारायला आलंय," राही म्हणाली. "मला परत का होत नाय?"

शेट्यांनी मान वर करून तिच्याकडं नीट पाहिलं. वीस वर्षांत हा प्रश्न त्यांना या किनाऱ्यावर कोणी विचारला नव्हता.

"आपल्या रक्तात राखणदार असतात म्हण. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. नवा रोग आत आला की पहिल्यांदा त्यांना तो ओळखू येत नाही. ओळखायला, त्याला मारायचं हत्यार तयार करायला, आठ-दहा दिवस जातात. तेवढ्यात रोग वाढत असतो. दोघांची शर्यत लागते. राखणदारांनी वेळेत गाठलं तर माणूस उठतं. आणि एकदा ओळख पटली की ती जन्मभर राहते. तोच रोग पुन्हा आला तर त्याला उंबऱ्याच्या आतच मारतात. तुझं अंग विसरलेलं नाही राही. सहा वर्षांची होतीस तेव्हापासून."

राही म्हणाली, "म्हणजे कमळाचं अंग शिकत होतं."

"हो."

"अकरा दिवस शिकत होतं."

"हो गं."

"आणि वेळ पुरला नाय."

शेट्ये डब्यावरचं गोणपाट सोडू लागले.

"मग मला कसा पुरला? माझ्या भावांना का नाय पुरला?"

"ते मला सांगता येत नाही," शेट्ये म्हणाले. "खोटं कशाला सांगू? माझ्या वरच्या साहेबालाही सांगता येणार नाही."

त्यांनी डबा उघडून एक नळी उन्हात धरली. आत डिंकासारखं काहीतरी होतं. "हा गाईच्या देवीचा रस. त्या रोगाचा सौम्य भाऊबंद. माणसाला मारत नाही, पण राखणदारांना ओळख करून देतो. चार फोड, दोन दिवस ताप, संपलं. मग खरा आला तरी ते तयार असतात. मात्र तुझ्यासारखं जन्मभर पुरत नाही, काही वर्षांनी परत टोचावं लागतं."

राहीनं लुगड्याचा पदर खोचला आणि हात पुढं केला. "मला टोचा."

"तुला काय गरज? लस फुकट जाईल."

"जाऊ दे. इथं नको, विहिरीवर चला. सगळ्या बाया तिथं हायत."

विहिरीवर कळश्या थांबल्या. शेट्यांनी राहीचा दंड पुसला, चार ठिकाणी ओरखडे काढले आणि त्यांत लस चोळली. राही बायांना म्हणाली, "तुमच्या पोरांना मी आजवर बघत आलंय. आता माझ्यानं होत नाय. बायांनो, खरंच होत नाय. कमळाला मातीत घातलं, त्यात मी अर्धी गेलंय. हे टोचून पोरं वाचत असतील तर टोचून घ्या. नाय वाचली तर मला शिव्या घाला."

कोणीच हललं नाही. मग बाबल्याची सून मालन पुढं आली. कडेवर आठ महिन्यांचा रघू. तिचा नवरा मुंबईला गोदीत होता आणि सासऱ्याला विचारायचं तर उत्तर माहीत होतं. "आधी मला टोचा," ती म्हणाली, "मग याला." तिच्यामागं दुसरी आली, तिसरी आली. दुपारपर्यंत नळ्या संपल्या. शेट्ये आठव्या दिवशी तपासायला येतो म्हणून तरीत बसले.

दुसऱ्या दिवशी राहीच्या दंडाला खाज सुटली, बारीक पुटकुळ्या आल्या आणि चौथ्या दिवशी जिरून गेल्या. पोरांच्या दंडांचं तसं नव्हतं. पाचव्या दिवशी तिथं पाणी भरलेले टपोरे फोड आले, मधे खळगी पडलेले, हुबेहूब देवीचे. सातव्या दिवशी दंड लाल झाले, काखेत गाठी आल्या, आणि आठव्या दिवशी सकाळी खालच्या वाडीत घरोघरी पोरं तापानं रडू लागली.

बाबल्या राहीच्या अंगणात आला. माडाशी थांबला नाही, थेट दारात. "तू माझ्या घरात देवी घेऊन आलीस. पोराला काय झालं तर ह्या गावात तुला थारा नाय."

राही त्याच्यामागं गेली. मनातून ती भ्याली होती. शेट्यांचं बोलणं पारावर बसून ऐकताना पटलं होतं. पण तापलेल्या पोराच्या अंगावर हात ठेवल्यावर बोलण्याचा काय उपयोग? इतकी पोरं तिनं अशीच तापलेली पाहिली होती.

तिनं रघूला मांडीवर घेतलं. तळवे पाहिले. कपाळ, टाळू, ओठांच्या आतली बाजू पाहिली. कुठंही काही नव्हतं. चार फोड, तेही जिथं टोचलं तिथंच. आणि पोर रडत होतं. ती वेगळी गोष्ट तिच्या ध्यानात आली. देवीचं पोर असं ठणठणीत आवाजात रडत नाही, ते कण्हतं.

"मालन, अंगावर घे बघू याला."

रघू आधी तोंड फिरवू लागला, मग चुटूचुटू पिऊ लागला.

"ह्या देवी न्हवत बाबल्याभाऊ," राही म्हणाली. "अंग शिकतंय त्याचं. शिकू दे."

बाबल्याला ते कळलं नाही. पण तो घरातून तिला घालवूनही देईना. राही दोन दिवस ओटीवर बसून राहिली. वाडीतल्या बाया पोरं घेऊन तिथंच येत, ती प्रत्येकाचे तळवे नि टाळू बघे आणि परत पाठवी. दहाव्या दिवशी सगळ्यांचे ताप उतरले. शेट्ये दोन दिवस उशिरा आले, तरीची फेरीच बंद होती म्हणाले. एकेका दंडावर बोट फिरवत त्यांनी "लस उठली, ही उठली, ही पण उठली" म्हटलं. राहीचा दंड पाहून ते हसले. "बघ, उंबऱ्यातच मारलंन्." मालनच्या दंडावर तेव्हा चांगल्या जाड खपल्या धरत होत्या.

त्याच संध्याकाळी बाबल्या होडीवरून परतला तो कंबर धरून. पाठ मोडल्यासारखी दुखते म्हणाला. रात्रीपासून ताप. तीन दिवसांनी कपाळावर पुरळ उठलं, ते मनगटांवर आलं, तळव्यांवर आलं. वाडीत कुणाला सांगायची गरज उरली नाही.

मालन राहीकडं आली. आतपर्यंत आली. राही जमिनीवर पडली होती, उजेडाकडं पाठ करून.

"काकी, मामंजींना आल्या. येतंस?"

राहीनं तोंड फिरवलं नाही. आयुष्यात जो शब्द तिनं या हाकेला कधी दिला नव्हता तो तिच्या तोंडून आपसूक बाहेर पडला. "नाय."

मालन उभीच राहिली.

"मला शिव्या घालायच्या तर घाल," राही म्हणाली. "पण उठवत नाय गो. अंगाला काय होत नाय, खरं. पण अंग म्हणजेच सगळं काय? आतलं माणूस संपलं."

मालन खाली बसली. शिवी घालायला ती आलीच नव्हती. थोड्या वेळानं तिनं बाही वर केली आणि दंडावरच्या खपल्यांकडं बघितलं. "डाक्टर म्हणाले, हे उठलं की मला होणार नाय. खरं काय काकी?"

"तो माणूस खोटं बोलत नाय."

"मग मीच करतंय. तू नुसतं सांग कसं करायचं ते."

राही हळूहळू उठून बसली. पंचवीस वर्षांत हे वाक्य तिला कोणी म्हटलं नव्हतं. म्हणूच शकत नव्हतं, कारण दुसरं कुणी म्हणालं असतं तर मेलं असतं. रडण्याएवढीही ताकद तिच्यात नव्हती. "केळीची पानं कोवळी आण," ती म्हणाली. "शिरा काढून टाक, टोचतात."

ती मालनबरोबर गेली, पण आत गेली नाही. ओटीवर बसून सांगत राही आणि मालन करत राही. पाणी किती कोमट, कूस कशी बदलायची, डोळे चिकटले तर कशानं सोडवायचे. रघूला शेजारच्या घरी ठेवलं होतं, तो एकदा रांगत रांगत आतपर्यंत गेला आणि आजोबाच्या पानावर हात आपटून आला. मालन किंचाळली. राहीही ओटीवरून उठून उभी राहिली. पण पुढं पंधरा दिवस झाले तरी त्या पोराला काही झालं नाही.

बाबल्याचं अंग मात्र भरत चाललं होतं. म्हाताऱ्या अंगावर फोड एकमेकांत मिसळले, गळा सुजला. आठव्या दिवशी दुपारी त्यानं खुणेनं राहीला आत बोलावलं. ती त्याच्या उशाशी बसली.

"तो म्हणाला होता," बाबल्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "अजून वेळ हाय म्हणून."

"बोलू नका. गळा दुखेल."

"पोरीला उचललं ते चुकलं काय?"

"नाय," राही म्हणाली. "ते नाय चुकलं."

त्यानं डोळे मिटले. राही तिथं बसली आणि बसल्याबसल्या, भर दुपारी, भिंतीला डोकं टेकून गाढ झोपली. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती, मालन बाबल्याच्या तोंडात चमच्यानं पाणी सोडत होती आणि राहीच्या अंगावर कुणीतरी लुगडं घातलं होतं. एवढा वेळ ती झोपली आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

बारा दिवस बाबल्याचं अंग झुंजलं आणि तेराव्या दिवशी पहाटे हरलं. या वेळी उचलायला चार माणसं पुढं आली. शेट्ये नळ्यांचा दुसरा डबा घेऊन पुन्हा येऊन गेले होते, आणि या वेळी पुरुषांनीही बाह्या वर केल्या होत्या. धोंडू तिरडीच्या पुढच्या टोकाला होता.

पावसाच्या तोंडावर शेट्ये शेवटचे येऊन गेले. दुसऱ्या वाडीतली दोन पोरं उठली होती, चेहरे वणांनी भरलेले, पण जिवंत. कमळा, बाबल्या आणि दुसऱ्या वाडीतलंच तिसरं पोर, अशी गावातून एकूण तिघं गेली. ज्यांचे दंड उठले होते त्यांतलं एकही नाही. शेट्यांनी ते कागदावर लिहिलं आणि राहीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं."

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात आंबोळगडाकडून हाक आली. एक म्हातारा माडाशी उभा होता. राहीनं त्याला मालनचं घर दाखवलं. मालन गाठोडं घेऊन निघाली, जाता जाता राहीकडं थांबली, कडुनिंब तिकडं मिळेल का म्हणून विचारून गेली.

राही तिच्या पाठीकडं बघत उभी राहिली. हा दिवस आला की अंगावरचं ओझं उतरेल असं तिला वाटत आलं होतं. तसं काही झालं नाही. पाठ तशीच दुखत होती आणि हात उगीच रिकामे वाटत होते. वाळूवरचे बांगडे एका बाजूनं सुकले होते. ती खाली बसली आणि एकेक उलटू लागली.